मितेशचा शुक्रवार

परशुराम नाना कोणावर विश्वास ठेवत नाहीत. दूधवाल्याच्या दुधात बोट बुडवून बघतील. मी, म्हणजे दगडू, त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतो, पण मी "नाना, बरं आहे ना?" एवढं विचारलं तरी म्हणतील, "का रं, तुला काय कललं?" कोपरच्या खाडीत चाळीस वर्षं जाळं टाकलं त्यांनी. आता खाडीत माशांपेक्षा प्लास्टिक जास्त, तेव्हा नाना ओट्यावर बसून माणसांवर नजर ठेवतात.

अशा माणसाचा एकुलता एक मुलगा मितेश वर्षभर शुक्रवारचा उपास धरत होता, आणि नानांना त्याचा कोण अभिमान! मितेश एसी दुरुस्त करतो. दिवसभर लोकांच्या घरांत शिडीवर उभा, पण शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाण्याशिवाय काही घेत नसे. नाना गावभर सांगत, "पोऱ्या देवीचा शुक्रवार करतंय." मितेश ना हो म्हणे, ना नाही. खरं तर मला तिथेच शंका यायला हवी होती, पण शंका घेण्याचा मक्ता नानांचा.

गडबड उघडी पडली ती सोलकढीने. एका शुक्रवारी माझ्या बायकोने भांडंभर सोलकढी त्यांच्याकडे पाठवली आणि उपास सोडताना मितेश दोन वाट्या प्यायला. आता देवीचा शुक्रवार करणारा माणूस त्या दिवशी आंबटाला शिवत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. नाना ताबडतोब माझ्या दारात. "शुक्रवार धरतंय नि आंबट खातंय? दगडू, यो उपास दुसऱ्या कोनाचा तरी हाय."

मग त्यांनी मुलाची हत्यारांची पिशवी तपासली. मला हे मुळीच आवडलं नाही, तसं मी तोंडावर सांगितलंही. पिशवीत स्क्रू-ड्रायव्हरांखाली येशूच्या वचनांचं छोटं पुस्तक निघालं. नाना एकदम म्हातारे दिसायला लागले. "माना अग्नी कोन देल? पिंडाला कावला शिवेपर्यंत उभा कोन रेल?" असं दिवसातून दहादा विचारायचे. राग होताच, पण त्याच्या बुडाशी भीती होती. मुलगा जिवंतपणीच हातचा जातोय, ही. मला त्यांची कीव आली, नाहीतर पुढच्या शुक्रवारी त्यांच्यासोबत मुलाच्या पाळतीवर गेलोच नसतो. मला त्यांनी साक्षीला घेतलं होतं, आणि मितेशला तिथून हाताला धरून ओढून आणायचं ठरवलं होतं.

मितेश लोकलने दिवा स्टेशनला उतरला. पाण्याचे टँकर उभे असलेल्या गल्लीतून एका इमारतीत शिरला. पहिल्या मजल्यावरच्या गाळ्याबाहेर चपलांचा ढीग, आत तीस-चाळीस माणसं खाली बसलेली. आम्ही जिन्यात उभे राहिलो. आतून ढोलकी ऐकू आली तसे नाना कुजबुजले, "बग, आधी वाजवून गुंगवतान." ढोलकी थांबली. पाळकांनी, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंनी, विचारलं, कोणाला प्रार्थना करायची आहे? मितेश उठला आणि डोळे मिटून म्हणाला, "हे स्वर्गातल्या बापा..."

"बाप हतं जिन्यान उभा हाय," नाना दात खाऊन म्हणाले. मी त्यांचा दंड धरला.

"मी अकरा वर्षांचा होतो," मितेश सांगत होता. "आईचं गंठण हरवलं. बाबांना वाटलं, मीच चोरून विकलं. मला वल्ह्याने मारलं त्यांनी. चौथ्या दिवशी गंठण तांदळाच्या डब्यात मिळालं, आईनेच ठेवलेलं. बाबा त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. आजपर्यंत नाही. मी वर्षभर उपास करतोय, तरी राग जात नाही. माणूस वाईट नाही माझा बाबा. मला त्याच्यावर माया करायचीय. माझ्याच्याने होत नाही. तू करून घे."

मी नानांचा दंड सोडला. गंठणाची गोष्ट मला माहीत होती. सगळ्या आळीला माहीत होती, आणि आम्ही सगळे ती विसरलो होतो.

नाना चपलांसकट आत गेले. माणसं बाजूला सरकली. मितेशने डोळे उघडले, तर समोर नाना.

"माना का नाय सांगितलंस?" नानांनी विचारलं.

"तुम्ही खरं मानलं असतं?"

नाना दोन पावलं मुलाजवळ सरकले. मग म्हणाले, "चुकलू रं पोरा," आणि मुलाच्या डोक्यावरून फिरवायला त्यांनी हात उचलला.

मितेशने दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि तो खाली वाकला. तीस वर्षांचा माणूस. त्यालाही कळलं नाही आपण काय केलं ते. नानांनी हात खाली घेतला आणि तिथेच सतरंजीवर बसले.

धर्माचं काय ठरलं, पिंडाचं काय ठरलं, असं लोक मला विचारतात. काही ठरलेलं नाही. त्यावरून बापलेक अजून तावातावाने भांडतात. पण मितेश पाठमोरा काम करत बसला असेल तर नाना आता चार पावलं अलीकडेच थांबतात. "मितेश, मी येतंय रं," असं सांगतात. त्याने वळून पाहिल्यावरच पुढे होतात, तेही दोन्ही हात पाठीमागे धरून.