रोबोट, दुर्बीण आणि बंडीच्या तळचा कापूस

कापूस घेणाऱ्याने शेतकऱ्याच्या बैलबंडीवर चढलंच पाहिजे. वरचा माल नेहमी पांढराशुभ्र असतो. खरा माल खांद्यापर्यंत हात खुपसून तळातून काढावा लागतो. दिग्रसच्या बाजारात मी या एका हातावर उभा राहिलो. बोंडअळीची वर्षं आली, तळचा कापूस पिवळा निघू लागला आणि नेमकं तेव्हाच माझं वजन एकशे तीसवर गेलं. गुडघे चढू देईनात. मी खाली उभा राहून भाव बोलायचो आणि फसायचो.

"शेठ, बैलं सोडेल हायेत. तुमी चढले तं बंडी उलटते," एक शेतकरी म्हणाला. सगळा बाजार हसला. त्याच आठवड्यात बायकोला घेऊन मी नागपूर गाठलं.

जठर कापून लहान करणाऱ्या डॉक्टरने दोन प्रकार सांगितले, दुर्बिणीने आणि रोबोटने. रोबोट महाग.

"काहून? काम मशीन करते, तं तुमची मजुरी कमी व्हाले पाह्यजे."

"मशीन आपणहून काही करत नाही. बाजूला बसून मीच चालवतो. तिची अवजारं मनगटासारखी वळतात, दुर्बिणीची सरळ असतात. जाड पोटात मला सोपं जातं."

"सोपं तुमाले अन् जास्त पैसे मी देऊ? मले काय फायदा?"

"तुमच्यासाठी फार फरक नाही. वजन साधारण तेवढंच उतरतं."

बायकोने माझी बाही ओढली. "अहो, कापूस नाही घेऊन राह्यले तुमी."

कापूसच घेत होतो. म्हणून तळात हात घातला. "मशीनवर किती केले आतापर्यंत?"

"थोडे. दुर्बिणीने मात्र बारा वर्षं करतोय."

"मंग दुर्बीणच."

माझं अर्ध्याहून जास्त जठर त्याने काढून घेतलं आणि बिलातला एक रुपया सोडला नाही. ओलाव्यापायी वजनात कडता मीही आयुष्यभर कापला. पण माल ठेवून घेऊन वर पैसे मागणारा व्यापारी मी दुसरा पाहिला नाही. तो राग अजून आहे. गावाची तक्रार वेगळीच होती. भेटायला आलेले लोक, रोबोट नव्हता म्हटल्यावर चहा अर्धा टाकून उठायचे.

पुढच्या हंगामात चाकावर पाय दिला आणि चढलो. हात खांद्यापर्यंत घातला. मूठ उघडली तर पिवळा, ओला कापूस आणि त्यात जिवंत अळी. बंडी त्याच शेतकऱ्याची. त्याने अळीकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे.

"शेठ, तुमी जाडेच बरे होते."

भाव मी वरूनच सांगितला.