प्रणवेशची आई कोण

वासुकीवहिनीने मुलाशी आमच्या दक्षिणी वळणाच्या मराठीत बोलायचं आणि प्रणवेशने तमिळमध्ये उत्तर द्यायचं, हा तंजावूरच्या आमच्या घरचा जुना रिवाज. कळायचं सगळं त्याला, जीभ तेवढी वळायची नाही. शाळेत इतिहास शिकवून आलेली वहिनी घरी या एका गोष्टीवरून कुढत बसायची. मी तिची नणंद, चिडवायची संधी मी कधी सोडली नाही.

बंगळूरला नोकरीत असताना त्याने नाशिकची मुलगी पसंत केली. तिचे आईवडील आमचा मुलूख बघायला आले. त्यांचे द्राक्षांचे मळे, घरचीच वाइन. त्यांना स्वामिमलैला न्यायचं ठरलं. तिथे टेकडीवर देऊळ आणि पायथ्याशी पंचधातूच्या मूर्ती ओतणारे. वहिनीने राजे, सनावळ्या सगळं घोकून ठेवलं होतं.

गाडीत बसताना प्रणवेश म्हणाला, "आई, तुम्ही पुढे बसा. मागे ऊन लागेल."

चक्क मराठीत, मुलीने शिकवलेली असणार, आणि तेही विहीणबाईंना!

वहिनीला तो अम्मा म्हणतो. 'आई' ऐकायला तिने त्याच्या बोबड्या बोलांपासून कान टवकारले होते. तो शब्द असा परस्पर नाशिकला गेला. मग राजे कुठले आणि सनावळ्या कुठल्या! वाटभर ती खिडकीबाहेर भातशेती बघत बसली. खरं सांगते, ती नुसती जळत होती.

पायऱ्यांवर त्याने विहीणबाईंना हात दिला. "आई, सावकाश." ते ऐकून वहिनी दुखरे गुडघे घेऊन तरातरा सगळ्यांच्या पुढे चढून गेली. मूर्तिकाराकडे तो समजावू लागला, "आई, आत मेणाची मूर्ती असते. मेण वितळून जातं, मग त्या जागी धातू ओततात."

"हे मीच सांगितलेलं त्याज, लहानपणी," वहिनीने मला चिमटा काढला. चिमटा चांगला सणसणीत होता.

संध्याकाळी आमच्याकडे जेवण होतं. विहीणबाईंनी बाटली काढली, सगळ्यांना थोडी थोडी ओतली. वहिनीने पेल्यावर हात ठेवला. प्रणवेश घोट घेऊन म्हणाला, "छान आहे, आई." मग वहिनी चिंचभात वाढायला वाकली, तर म्हणतो, "नको, पोट भरलं."

"तिच्या आंबट पाण्याने भरलं वाटतं!" वहिनी माझ्या कानाशी फणकारली.

पाहुणे हॉटेलवर गेले आणि ओट्यावर भांडी आदळू लागली. आता हिची समजूत कोण काढणार, या विचारात मी दाराशी उभी होते. तेवढ्यात प्रणवेश आत आला, वहिनीच्या खांद्यावर हनुवटी टेकून लहानपणीसारखा कुरकुरला, "अम्मा, पसिक्कुदु."

भूक लागलीय म्हणे. दिवसभर पाहुण्यांसमोर लाजून धड जेवलाच नव्हता.

वहिनीने चिंचभाताचं पातेलं पुढे ओढलं. ताट गच्च भरून त्याच्या हातात दिलं आणि माझ्याकडे वळली.

"म्हणू दे तिज आई. भूक लागल्यावर कोणाज हाक मारली, ऐकलीस नं?"