एका कुटुंबाला एकच डबा

आईचा नवस ऐकून मला आधी हसू आलं आणि मग राग. बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन चाललं होतं तेव्हा ती दवाखान्याच्या पायरीवर बसून तिवशाच्या शेतातल्या मारुतीला म्हणाली होती, हा माणूस घरी आला तर तुझ्यापुढे रोडग्यांची पंगत घालीन. बाबा घरी आले. डॉक्टरांनी त्यांचं तेल-तूप बंद केलं. म्हणजे गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले, तुपात बुडवलेले रोडगे आणि वर तेलाची बोटभर लाल तर्री आलेली वांग्याची भाजी गावानं खायची, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप त्यानं उकडलेल्या दुधीसमोर बसायचं. दोन महिने ते तसेच बसत होते, सगळ्यांच्या आधी, एकटे, तोंड भिंतीकडे करून.

"नवस बोलाच्या आधी डॉक्टरले तरी इचाराचं," मी म्हटलं.

"मारुतीले का बीपी हाय?" आई म्हणाली.

गहू, तूरडाळ, वांगी सगळं काकांच्या तिवशाच्या शेतातलं होतं. विकत आणायचं ते फक्त तेल, आणि नेमकं तेच मिळेना. भाव आठवड्या-आठवड्याला चढत होता. त्यात कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं की अजून चढणार आहे, आणि ज्यांच्या घरी दोन माणसं त्यांनीही वर्षभराचं तळण करून ठेवायचं असल्यासारखे डबे उचलले. मी अकोल्याला राहते. आमच्याकडच्या मॉलमध्ये गेले तर तेलाचा अख्खा कप्पा रिकामा. कोपऱ्यात ऑलिव्ह ऑइलच्या दोन हिरव्या बाटल्या तेवढ्या उभ्या होत्या, लग्नात कोणीच ओळखत नाही अशा पाहुण्यांसारख्या. रागारागात त्यातली एक घेतली आणि अमरावतीला आईकडे नेली. आईनं बूच उघडून वास घेतला, "हे केसायले लावाचं हाय का?" म्हणाली आणि बाटली न्हाणीघरात ठेवून आली.

मग बातमी आली की आईच्या घराजवळच्या सुपरमार्केटमध्ये माल उतरला आहे, जुन्याच भावात. फक्त पाटी लावली आहे: एका कुटुंबाला एकच डबा. आईला लागत होते चार. तिनं तिवशाहून काकूला बोलावून घेतलं आणि आम्हा तिघांना समोर बसवून बेत सांगितला. प्रत्येकानं एकेक डबा घ्यायचा, आणि आत गेल्यावर कोणी कोणाला ओळखायचं नाही.

बाबांनी सगळी नोकरी तहसील कार्यालयात केली. एक सही कमी आहे म्हणून लोकांना परत पाठवण्यात त्यांचा जन्म गेलेला. ते म्हणाले, "हे खोटं होते. ही अकोल्याची, तुयी जाऊ तिवशाची, त्यायचं ठीक हाय. आपन दोघं एकाच कार्डावर हावो."

"तुमी बोलूच नका. नुसते उभे राहा," आई म्हणाली.

नुसतं उभं राहणंही आमच्या घराण्याला जमत नाही, हे तिनं लक्षात घ्यायला हवं होतं. आत शिरल्यापासून बाबा छताकडे पाहत चालत होते. मी एका शाम्पूच्या बाटलीवरची सगळी माहिती वाचून काढली. एकटी आई निर्धास्त होती. ती माझ्या शेजारून अशी गेली की मला क्षणभर खरंच परकं वाटलं. एकच काउंटर चालू होतं. रांगेत काकू सगळ्यात पुढे, मागे मी, मग एक अनोळखी बाई आणि मग आई. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि एवढ्यात बाबांनी जे मुळीच करायला नको होतं तेच केलं: डबा छातीशी धरून, रांग सोडून ते बाजूनं काउंटरपाशी येऊन उभे राहिले.

आता बाबा काकूचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. लग्न होऊन आल्यापासून तिनं त्यांच्यासमोर कधी डोकं उघडं ठेवलेलं नाही, त्यांच्यापुढून कधी गेलेली नाही आणि त्यांच्याशी थेट कधी बोललेली नाही. काही सांगायचं झालं तर भिंतीला सांगते. भासरे ताटकळत उभे आहेत हे दिसल्याबरोबर तिनं डबा खाली ठेवला, डोक्यावरून पदर ओढला आणि मागे सरत सरत चॉकलेटच्या मांडणीला जाऊन टेकली. मांडणीला म्हणाली, "त्यायले म्हना, पुढं व्हा."

काउंटरवरची मुलगी पदराकडे पाहत राहिली. "काकू, हे तुमचे भासरे का?"

"मी नाई वळखत," काकू पदराआडून म्हणाली.

"मंग पदर काहून घेतला?"

मी मधे तोंड घातलं, माझं कुटुंब अकोल्याचं आहे म्हणाले. मुलीनं आधार कार्ड मागितलं. त्यावर अजून माहेरचाच पत्ता आहे, तोही बाबांच्या नावासकट. मग तिनं रांगेत मागून बाबांना खुणा करणाऱ्या आईकडे पाहिलं, आणि पोरगी खरंच चांगली होती, म्हणून हळूच बोलली, "मावशी, वरून क्यामेऱ्यातून सायेब पाहून राहिले. तुमी फक्त म्हना की हे बाबा तुमचे कोनी नाईत. मी तुमाले डबा देतो."

खोटं बोलायला आई घाबरते असं नाही. मला शाळेत घालताना तिनं माझं वय सहज वाढवून सांगितलं होतं. पण तिनं बाबांकडे पाहिलं. चार पावलं चालून ते धापा टाकत होते. आईनं आपला डबा उचलला, जिथून घेतला होता तिथे परत नेऊन ठेवला, मग येऊन बाबांच्या हातातला काढून काउंटरवर ठेवला.

"हा एकच दे," ती म्हणाली. "हे माये मालक होत. आमी एकाच घरचे हावो."

माझा आणि काकूचा डबाही मांडणीवर परत गेला. परतताना रिक्षात मला आईसाठी वाईट वाटत होतं. वऱ्हाडात तर्री नसलेली भाजी पंगतीत वाढायची म्हणजे बाईच्या हाताचं नाव जातं, आणि एका डब्यात गावाला तर्री होत नसते.

नाहीच झाली. मारुतीपुढे पंगत बसली तेव्हा बादलीतली भाजी फिकट आणि पातळ होती. "वयनी, भाजी आजारी हाय का?" कोणीतरी विचारलंच. आई मान खाली घालून वाढत होती. बाबांचा दुधीचा डबा आम्ही घरून आणला होता, तो कडुलिंबाखाली तसाच होता. बाबा बादलीपाशी आले, आत वाकून पाहिलं, आणि पंगतीच्या शेवटी जाऊन मांडी घालून बसले. आईनं माझ्याकडे पाहिलं. तेल इतकं कमी की ती भाजी त्यांना डॉक्टरांनीसुद्धा वाढली असती.

त्यांनी रोडगा कोरडाच कुस्करला, भाजी घेतली, शेजाऱ्याशी पावसापाण्याचं बोलत बोलत संपवली आणि आणखी मागितली. आईनं वाढली. मग पळी हातात घेऊन त्यांना जेवताना पाहत ती तिथेच उभी राहिली. मधल्या रांगेतून लोक भाजी मागत होते, पण तिला काही ऐकू येत नव्हतं.