खोकल्याला आवाज, बोलण्याला नाही

डॉक्टरांनी माझी जीभ फडक्यात धरून घशात छोटा आरसा घातला. बराच वेळ पाहून म्हणाले, "खोका." मी खोकलो. खोकला चांगला खणखणीत निघाला. "आता नाव सांगा." ओठ हलले, आवाज नाही.

"फंक्शनल अफोनिया," ते म्हणाले आणि त्यांनी सावकाश समजावलं. गळा शाबूत आहे, पण मनावर ताण पडून बोलण्याचा आवाज बंद झाला आहे. मला आधी रागच आला. घशात गाठ निघाली असती तर चारचौघांत सांगता तरी आलं असतं.

चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढचा हिवाळा होता. आरमोरीकडच्या एका लाकूड डेपोत मोजणीची पुकार माझ्याकडे होती. सागाच्या लाकडाला फीता लावून लांबी-गोलाई मोठ्यानं सांगायची, कारकून ती लिहून घेई. लाकडं लोटणारे हमालही माझ्याच आवाजावर हात काढत.

नवे साहेब आले आणि माझ्या पाठीमागे उभे राहू लागले. प्रत्येक आकड्याला म्हणत, "पुन्हा." आकडा बरोबर असला तरी पुन्हा. कामावर आपसात बोलायला त्यांनी बंदी केली. दुपारचा भातही आम्ही लांब लांब बसून खाऊ लागलो.

माझा आवाज बसत चालला. हळद झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या. एका सकाळी लाकूड सुटलं. मी "हटा" म्हणायला तोंड उघडलं आणि काहीच निघालं नाही. हमालांचा मुकादम सोमाजी उडी मारून वाचला. साहेब म्हणाले, हा ढोंग करतो, महिनाअखेर आवाज आला नाही तर नाव कमी करू.

मग मी चांद्याच्या इस्पितळात भरती झालो. वॉर्डात नऊ दिवस झाले तरी डेपोतून कोणी फिरकलं नाही. शेजारच्या खाटांवर बायका-पोरं येत, डबे येत. मुक्याशी कोण किती वेळ बोलणार? कुरखेड्याला आईला मी कळवलंच नव्हतं. फार एकटं वाटे. सोमाजी वाचला नसता तर, हा विचार पाठ सोडत नसे.

रोज सकाळी डॉक्टर मला खोकायला लावत आणि खोकल्यामागे 'आ' ओढायला सांगत. 'आ' निघे, शब्द निघत नसे. एकदा त्यांनी विचारलं, "तिथं कुणापाशी बोलला होतात का हे?" मी नाही अशी मान हलवली. सांगायचं कुणाला? बाकीचे सगळे धडधाकट दिसत होते.

दहाव्या दिवशी सोमाजी आला. साहेबांना न विचारता, वडशाहून गाडी धरून. मला वाटलं, जाब विचारायला आला. तो खाटेशी उकिडवा बसला आणि खाली पाहत म्हणाला, "भाऊ, तुमचा आवाज गेला, तसे माहे हात थरथर करून राह्यले. साहेब मांगं आले का पकड सुटते. त्या दिशी लाकूड माह्याच हातून सुटलं. कोनाले सांगितलं नाई."

"मले वाटलं, मी एकटाच हावो."

हे मी बोललो होतो. घोगरा होता, पण आवाज माझाच होता. मग मला रडू आवरेना, आणि सोमाजीलाही.

डॉक्टरांनी लिहून दिलं की हा आजार खरा आहे, ढोंग नाही. मी कामावर परतलो. साहेब पाठीमागे उभे राहिले आणि तिसऱ्या "पुन्हा"ला आवाज पुन्हा गेला. मी फीता खाली ठेवला आणि चालू लागलो.

आता मी एका भातगिरणीवर आहे. आवाज ठीक आहे. कुणी पाठीमागे येऊन उभं राहिलं की अजून बसतो, तेव्हा मी सरळ वळून त्याच्याकडे तोंड करतो. तुमचा हात, आवाज किंवा झोप कामावरच्या माणसापायी जात असेल, तर स्वतःला ढोंगी म्हणू नका. डॉक्टरांकडे जा, पण त्याआधी शेजारी काम करणाऱ्याला विचारून पाहा. मी तीन वर्षं सोमाजीच्या शेजारी उभा होतो, आणि विचारलं नाही.

ते साहेब बदलून गेले. सोमाजी अजून तिथंच आहे, असं ऐकतो. त्याचे आभार मानायचे राहून गेले. त्याला वाचता येत नाही. त्याच्या ओळखीचं कोणी हे वाचत असेल, तर त्याला मोठ्यानं वाचून दाखवावं.