सरांची खुली पाठमाला

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांना घरात, जिन्यात, वाण्याच्या दुकानात सगळे 'सर' म्हणतात. ताईसुद्धा इतरांशी बोलताना सरच म्हणते. समोर असले की 'अहो'. सर कॉलेजात गणित शिकवतात, म्हणजे एकोणतीस वर्षांपूर्वी काढलेल्या नोट्स वाचून दाखवतात. प्रत्येक पान प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. विद्यार्थ्यांना ते त्या पानांचे फोटो काढू देत नाहीत. फुकट मिळालेल्या ज्ञानाला मान राहत नाही, म्हणतात.

त्यामुळे सहा शाळा आणि दोन कॉलेजांनी मिळून गणिताची फुकट पाठमाला करायचं ठरवलं आणि तिचं अध्यक्षपद सरांकडे गेलं, तेव्हा मला हसू आवरेना. सर वयाने सगळ्यांत मोठे होते आणि सगळ्यांत रिकामे. बाकी कुठल्या पात्रतेची कोणी चौकशी केली नाही.

योजना साधी होती. शिक्षकांनी धडे लिहायचे, इंटरनेटवर एका सामाईक जागी ठेवायचे. कुणीही घ्यावेत, बदलावेत, सुधारावेत, वाटावेत; परवानगी लागणार नाही. सरांनी पहिल्या बैठकीत यावर पाऊण तास भाषण केलं. दुसऱ्या बैठकीत बोधचिन्हात कंदील असावा की पुस्तक, यावर वाद घातला. तिसऱ्या बैठकीपर्यंत धडा लिहून आणलेली एकच व्यक्ती होती, ती म्हणजे ताई.

ताई शाळेत पाचवी-सहावीला शिकवते. ओटा पुसून झाला की जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर उघडायची. अपूर्णांकांचे आठ धडे तिने लिहिले, टॉवेलच्या घड्यांवरून. एक घडी घातली की अर्धा, दोन घातल्या की पाव. वर्गात करून बघायची, मुलं जिथे अडतील तिथलं वाक्य घरी येऊन मोडायची. आठवा धडा तिने चौदा वेळा लिहिला. सर शेजारच्या खुर्चीत बसून म्हणायचे, "हे फारच बाळबोध होतंय."

"बाळांसाठीच आहे," ताई म्हणायची.

मग सरांनी धड्यांचं संपादन केलं. म्हणजे 'घडी' खोडून 'समद्विभाजन' केलं आणि पुढे स्वतःचं चार पानी मनोगत जोडलं. मुखपृष्ठावर 'संपादक' म्हणून आपला फोटो टाकला. लिहिणाऱ्यांची नावं टाकली तर पान भरून जातं, असं म्हणून ताईचं एकुलतं एक नाव वगळलं. त्यानंतर त्यांनी जे केलं ते फक्त सरांनाच सुचू शकतं. उद्या कुणी आपल्या शब्दांत फेरफार केला तर काय, या धास्तीने त्यांनी सगळी पाठमाला छापून घेतली, प्रत्येक पानावर शाईने सही ठोकली, आणि त्या पानांचे फोटो काढून तेच सामाईक जागेवर चढवले. मूळ फायली तिथून काढून टाकल्या. बरीच पानं तिरकी आली होती. एका पानावर त्यांचा अंगठा आहे.

सगळ्यांना खुल्या असलेल्या पाठमालेला अशा रीतीने कुलूप लागलं.

चौथ्या दिवशी दृष्टिहीन मुलींच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंचा ताईला फोन आला. त्या स्वतःही दृष्टिहीन. मी तिथेच होते.

"तुमचा टॉवेलचा पहिला धडा मागे एकदा उतरवून घेतला होता," बाई म्हणाल्या. "पोरी खूश होत्या, घड्या हाताला कळतात ना. बाकीचे सात घ्यायला आज गेले, तर एरवी मजकूर वाचून दाखवणारा माझा कॉम्प्युटर गप्प. फोटो वाचता येत नाही त्याला. बारा जणींची परीक्षा तीन आठवड्यांवर आलीये आणि वाचून दाखवायला आमच्याकडे माणूस नाही."

ताईने फोन ठेवला आणि सरांसमोर जाऊन उभी राहिली.

"अहो, मूळ फायली परत चढवायच्या आहेत."

"संपादित प्रत आहे ना वर?"

"ती त्यांच्या कॉम्प्युटरला वाचता येत नाही."

"मग त्यांनी चांगला कॉम्प्युटर घ्यावा."

"तो चांगलाच आहे. तुमची पानं वाईट आहेत."

सरांनी चष्मा काढून पुसला. "समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. विषय मांड. एकेकीसाठी वेगळी प्रत करत बसलो तर शिस्त राहील का?"

"परीक्षा त्याआधी आहे."

"परीक्षा दर वर्षी असते," सर म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं. बारा मुलींचं एक वर्ष त्यांनी असं पान उलटून संपवलं.

ताई वाद घालत बसली नाही. तिने आपल्या कॉम्प्युटरमधल्या आठही मूळ फायली उघडल्या आणि सामाईक जागेवर वेगळा कप्पा करून ठेवल्या. घडीची घडीच ठेवली. बाईंना फोन करून कप्प्याचा पत्ता सांगितला. अर्ध्या तासाचं काम.

सरांना दोन दिवसांनी कळलं. जेवताना ताट सरकवून ते म्हणाले, "हा समितीचा अवमान आहे. घरातला माणूस म्हणून मी गप्प बसणार नाही. लेखी तक्रार करतो, सगळ्या शाळांना." आणि हात धुवून येऊन ताईलाच म्हणाले, "घे टाइप करायला."

मला वाटलं, ती आता कॉम्प्युटर त्यांच्या डोक्यात घालेल. तिने खुर्ची ओढली.

सर सांगत गेले. एका सदस्येने विनापरवानगी, असंपादित धडे, परस्पर.

"नाव घालू?" ताईने विचारलं.

"नाव नको. समजणारे समजतील."

"घालते. माझ्या धड्यांवर नाही आलं, तक्रारीत तरी येऊ दे."

"घाल," सर फणकाऱ्याने म्हणाले. "आणि पुरावा म्हणून त्या कप्प्याचा पूर्ण पत्ता दे. अक्षर चुकवू नकोस, नाहीतर म्हणतील मी खोटं बोलतो."

ताईने पत्ता दिला, एकही अक्षर न चुकवता. पत्र आठही संस्थांच्या सगळ्या शिक्षकांना गेलं. तिरक्या पानांना कंटाळलेल्या लोकांना चांगली प्रत कुठे आहे आणि कुणी लिहिली आहे, ते तेव्हा कळलं. आठवड्यात एकशे दहा जणांनी धडे उतरवून घेतले. एकाने तर पाचव्या धड्यातली चूक दाखवली. ताईने ती आनंदाने दुरुस्त केली. बारा मुली परीक्षेला बसल्या. अकरा पास झाल्या. राहिलेल्या बाराव्या मुलीने ताईला निरोप पाठवला की भागाकाराचे धडेही लिहा, म्हणजे पुढच्या वेळी बघते.

वार्षिक अहवाल सरांनीच लिहिला. 'अध्यक्षांच्या पत्रानंतर पाठमालेचा प्रसार लक्षणीय वाढला,' असं त्यात एक वाक्य आहे. ते मात्र शंभर टक्के खरं आहे.