अकोल्यातलं मोजमाप

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी मी काचपट्ट्यांवर व्हॅनेडियम ऑक्साइडचे पातळ थर चढवत होते. हे ऑक्साइड थंड असताना वीज अडवतं आणि अडुसष्ट अंशांच्या आसपास एकदम धातूसारखी वाहू देतं. त्यात किंचित टंगस्टन मिसळलं की हा बदल कमी तापमानाला होतो. किती मिसळलं की किती कमी, एवढंच माझं काम.

थर अमरावतीला तयार व्हायचे. आमचं रोध मोजायचं यंत्र बिघडलं, म्हणून सरांनी मला अकोल्याच्या एका कॉलेजात पाठवलं. मे महिना होता. चार काचा डब्यात घालून मी एसटीनं गेले.

प्रयोगशाळेवर पत्रे, कूलर बंद. दुपारी सगळ्यात जास्त टंगस्टनची काच आधी लावली. चव्वेचाळीस अंशांपासून तापवत नेली. पन्नाशीनंतर बदल दिसेल असा माझा अंदाज होता. काहीच झालं नाही. रोध सुरुवातीपासूनच कमी, आलेख सपाट. दुसरी, तिसरी तशीच. थर वाया गेले असं वहीत लिहिलं आणि काचा पुन्हा वापरता याव्यात म्हणून तिन्ही आम्लात धुऊन टाकल्या. वाईट वाटलं असेल. मला भूक लागल्याचं तेवढं आठवतं.

चौथी लावणार तेवढ्यात तिथले लॅब असिस्टंट काका म्हणाले, “ताई, आता राहू द्या. सकाळी सहाले या, मी कुलूप उघडून देतो.”

“काहून?”

“आंग भाजून राह्यलं इथं. तुमच्या काचीले नाही भाजत का?”

मी हातातल्या काचेकडे पाहत राहिले.

सकाळी तीस अंशांना त्या काचेचा रोध भरपूर होता. चाळिशी ओलांडताच तो धाडकन उतरला. धुतलेल्या तिन्हींत टंगस्टन याहून जास्त होतं. म्हणजे आदल्या दुपारी चव्वेचाळीस अंशांच्या त्या खोलीत टेबलावर ठेवल्या ठेवल्याच त्या बदलून गेल्या होत्या. बिघाड त्यांच्यात नव्हता.

सरांना फोन केला.

“किती धुतल्या?”

“तीन.”

ते म्हणाले, “एक तरी ठेवायची होती.” आणि मग, “नाश्ता केला का?”

ते थर पुन्हा करता करता दिवाळी आली. दोन जमले. सर्वांत जास्त टंगस्टनचा काही केल्या काचेला धरेना. प्रबंधातल्या आलेखात तिथे बिंदू नाही.