मामींनी सोनालीला पाठवलं नाही, तो दिवस

माझ्या सासूने मला दारातून परत पाठवलं होतं. बायको आणि मुलगी आत, मी बाहेर.

आज ती सासू जाऊन एक वर्ष झालं.

मी त्यांना मामी म्हणायचो. देवळाली कॅम्पात घरीच ब्लाऊज शिवायच्या. मिलिटरीवाल्यांच्या बायका त्यांच्याशिवाय दुसरीकडे कापड टाकायच्या नाहीत.

सोनालीसाठी मी सेकंड इयरला कॉलेज सोडलं, हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. पिंपळगावला द्राक्षांच्या पिकअपवर लागलो, लग्न केलं.

पहिलं बाळंतपण माहेरी. सिझेरियन झालं.

परी तीन महिन्यांची झाली आणि माझा धीर संपला. मित्राची गाडी मागून आणली, गजरा घेतला, डायरेक्ट दारात.

मामी मशीनवरून उठल्याही नाहीत.

"नेताय ते ठीक आहे. आधी दोघं दवाखान्यात जाऊन या. पाळणा लांबवायचं काय ते विचारा. मग न्या."

कापड घेऊन आलेल्या दोन बायका तिथेच बसलेल्या. माझे कान तापले.

आमच्या आईने सांगितलेलं मी त्यांना ऐकवलं. बाळ अंगावर पितंय, पाळी आलेली नाही, तोवर काही होत नसतं.

मामींनी आत हाक मारली. "अमोल, बाहेर ये जरा."

अमोल म्हणजे माझा मेव्हणा. सोनालीत आणि त्याच्यात पुरतं एक वर्षाचंही अंतर नाही.

"हा बघा. सोनाली अंगावर पीत होती, माझी पाळी आली नव्हती, आणि हा पोटात होता. मलाही माझ्या सासूने हेच सांगितलेलं."

अमोल म्हणाला, "मम्मी, मला कशाला मध्ये घेते?"

बायका हसल्या. मी नाही हसलो. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. एकटाच परत आलो.

संध्याकाळी सोनालीचा फोन. मला वाटलं रडेल. रडली नाही.

"मम्मीला मीच बोलायला लावलं. माझे टाके अजून ओढतात, उठलं की चक्कर येते. लगेच दुसरं राहिलं तर मला नाही झेपणार. आणि तू जवळ आलास की मलाच नाही म्हणवत नाही रे."

शेवटच्या वाक्याला माझा राग कुठे गेला, कळलंच नाही.

भावांनो, लग्नानंतर इतकं सरळ ती पहिल्यांदा बोलली होती.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात गेलो. सिस्टरने दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. गोळ्या, इंजेक्शन, निरोध, तांबी. पाळी परत यायच्या आधीही दिवस जाऊ शकतात, हेसुद्धा.

सोनालीने तांबी निवडली. मी परीला मांडीवर घेऊन बाहेर बसलो.

मामींनी त्याच दिवशी लेकीची ओटी भरली आणि आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आल्या.

परी आता अंगणवाडीत जाते. सोनाली ठणठणीत आहे, माझ्याशी भांडायलाही दम पुरतो तिला.

मामी शेवटी ॲडमिट होत्या तेव्हा मी डबा घेऊन गेलो होतो. शेजारच्या कॉटवरच्या आजींनी मला विचारलं, दुसरं कधी?

मी म्हणालो, सोनाली म्हणेल तेव्हा.

मामींना धाप लागत होती. तरी त्या आजींकडे मान वळवून म्हणाल्या,

"आमचे जावई. कॉलेज अर्धवट सोडलं, पण शिकले बघा."

मामी, आम्ही अजून तिघंच आहोत.

मजेत आहोत.

तुम्हाला मनापासून नमस्कार.